विजेता मंगळवारी घडतो

राष्ट्रीय मोटारसायकल रोड रेसिंगच्या एका हंगामात रायडरला प्रत्यक्ष शर्यतीचा वेळ किती मिळतो, हा हिशेब एकदा बोटांवर करून बघावा. शुक्रवारी सराव, शनिवारी क्वालिफाइंग (सुरुवातीच्या जागा ठरवणारी फेरी) आणि पहिली शर्यत, रविवारी दुसरी. ३०१ ते ४०० सीसीच्या गटात आठ लॅपची शर्यत धरली आणि लॅप दोन मिनिटांच्या थोडा आत, तर पंधरा मिनिटांत सगळं आटोपतं. दोन शर्यतींचा मिळून अर्धा तास. हंगामाचे पाच राउंड धरले तर अडीच तास. वर्षभराची बचत, घरच्यांची मनधरणी, टेम्पोचं भाडं, टायरचे सेट, मनगटाला बसलेलं प्लास्टर, हे सगळं त्या अडीच तासांसाठी.

अडीच तासांत कोणी रायडर बनत नाही. तो बनतो मधल्या दिवसांत. कुठल्यातरी मंगळवारी, रिकाम्या ट्रॅकवर, एकच कॉर्नर चाळीस वेळा घेताना. ब्रेक लावायची खूण दोन मीटर पुढे ढकलून पाहताना. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्यांच्या थांब्यावर, परत येऊन टायरच्या कडेवर बोट फिरवताना. रविवारची शर्यत म्हणजे अशा मंगळवारांची बेरीज असते. ज्याच्या घरापासून ट्रॅक तासाभरावर आहे त्याच्या वाट्याला मंगळवार जास्त येतात. महाराष्ट्रातल्या रायडरलाही ट्रॅक तसा जवळ हवा, हेच इथे मांडायचं आहे.

चेन्नईकडचे रायडर विजेत्यांच्या याद्यांत का भरलेले असतात, यावर महाराष्ट्रात मिळणारी उत्तरं मजेशीर असतात. 'त्यांच्या रक्तातच आहे' हे एक, आणि 'आपल्या पोरांत तेवढा दम नाही' हे दुसरं. रक्ताबिक्ताचा काही संबंध नाही. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३पासून आहे. शोलावरमच्या युद्धकाळातल्या धावपट्टीवर त्यांनी वर्षानुवर्षं शर्यती घेतल्या आणि १९९०च्या सुमारास श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला स्वतःचा ट्रॅक उभा केला. लांबी ३.७ किलोमीटर, वळणं बारा. कोइम्बतूरला करिवर्धन नावाच्या अवलियाने गावातल्या वर्कशॉपांच्या जोरावर रेसकार घडवल्या, मारुतीच्या इंजिनावरच्या छोट्या रेसकारची 'फॉर्म्युला मारुती' मालिका चालवून दाखवली. त्याच्या नावाचा करी स्पीडवे २००३मध्ये सुरू झाला, दोन किलोमीटरहून थोडा मोठा. गेली कित्येक वर्षं राष्ट्रीय हंगाम याच दोन गावांभोवती फिरतो. जगन कुमार, रजनी कृष्णन, २०११मध्ये १२५ सीसीच्या जागतिक स्पर्धेत उतरलेला सरत कुमार, हे सगळे त्या डांबरावर वाढले. दमाबद्दल म्हणाल तर पुण्याचा सार्थक चव्हाण होंडाच्या टॅलेंट कपमधून वर आलाच की. पण त्यालाही शिकायला जावं लागलं ते तिकडेच.

आता नकाशा बघू. राष्ट्रीय महामार्ग ४८ पुण्याला वळसा घालून साताऱ्यावरून, कोल्हापूरला उजव्या हाताला ठेवत कर्नाटकात उतरतो, बंगळुरूवरून पुढे जातो आणि थेट इरुंगट्टुकोट्टईच्या दारात पोचतो. पुण्याहून अंतर सुमारे १२०० किलोमीटर. टेम्पोला दोन दिवस जायला, दोन यायला. शुक्रवारच्या सरावाला हजर व्हायचं तर बुधवारी पहाटे निघायचं आणि मंगळवारी दुपारी परतायचं. तीन दिवसांच्या राउंडसाठी सात दिवस. नोकरी करणाऱ्या पोराने वर्षातून पाच वेळा सात दिवसांची रजा कुठून आणायची? आणि टेस्टिंगला पुन्हा वेगळं जायचं म्हटलं की तो हात जोडतो. त्याने न घेतलेले ते मंगळवार शर्यतीत लॅपमागे दोन-तीन सेकंदांच्या रूपात वसूल होतात.

यातला विनोद असा की ३०१ ते ४०० सीसीच्या गटात स्वतःच्या खर्चाने उतरणारी मुलं ज्या केटीएम आरसी ३९०वर पळतात, ती गाडी बनते चाकणला. पुण्याहून तासाभराच्या अंतरावर जन्मलेली गाडी पळवायला १२०० किलोमीटर न्यायची. केटीएमने २०२३च्या सुरुवातीला देशभरातून रायडर निवडून याच गाडीवर कप घेतला, त्याचीही अंतिम फेरी चेन्नईतच. दुसरा विनोद याहून मोठा. महिंद्रा ही मुंबईची कंपनी. तिच्या मोटारसायकलवर २०१६मध्ये हॉलंडच्या असेन ट्रॅकवर इटलीच्या पेको बान्यायाने मोटो थ्रीची, म्हणजे जागतिक स्पर्धेतल्या सर्वांत लहान गटाची, शर्यत जिंकली. ती गाडी युरोपात घडली, युरोपात पळली, आणि २०१७नंतर महिंद्राने तो संसार आवरला. त्यातून ठाण्याच्या किंवा नाशिकच्या एका मेकॅनिकच्या पदरात काय पडलं? काही नाही. गाडी बनवणारं राज्य आणि गाडी पळवणारं राज्य ही दोन वेगळी राज्यं राहिली.

हे मंगळवार नेमकं काय शिकवतात, हे उदाहरणानेच सांगायला हवं, नाहीतर 'ट्रॅक हवा' ही मागणी हौशी लोकांचं रडगाणं वाटते.

गिअरिंग घ्या. गाडीला पुढे १५ दात आणि मागे ४५ दातांचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) आहे असं धरू, गुणोत्तर ३. लांब स्ट्रेटवर ब्रेकची खूण येते तरी सहाव्या गिअरमध्ये इंजिन पूर्ण फिरलेलं नाही, म्हणजे गिअरिंग लांब आहे, ते आखूड करायला हवं. पुढे एक दात कमी करून १४ लावा, गुणोत्तर ३.२१ होतं. मागे तीन दात वाढवून ४८ लावा, ३.२० होतं. कागदावर दोन्ही एकच. दुकानदार म्हणेल पुढचं बदला, स्वस्त पडेल. पण चेन तीच ठेवली तर मागे तीन दात वाढले की त्यावर दीड कडी जास्त गुंडाळली जाते आणि मागचं चाक जवळजवळ १२ मिलिमीटर पुढे येतं. पुढचा एक दात कमी केला तर तेच चाक ४ मिलिमीटर मागे जातं. दोन पर्यायांत व्हीलबेसचा, म्हणजे दोन चाकांमधल्या अंतराचा, फरक १६ मिलिमीटरचा. मागचे दात वाढवले तर गाडी वळणात चटकन झुकते, पण कॉर्नरमधून बाहेर येताना पुढचं चाक हलकं होतं. पुढचा दात घटवला तर ती स्थिर राहते पण दिशा बदलायला आळस करते. शिवाय लहान पुढच्या स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकते, ताकद खाते आणि स्विंगआर्मवरची (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरची) पट्टी लवकर झिजवते. कुठल्या ट्रॅकवर कोणतं बरं, हे पुस्तकात नाही. एक लावून दहा लॅप, दुसरं लावून दहा लॅप, वेळा लिहून ठेवायच्या. शुक्रवारच्या वीस मिनिटांच्या सरावात हे करायला बसलात तर कॉर्नर शिकणार कधी?

टायरच्या हवेचं तसंच. सकाळी ३० अंशांत २८ पीएसआय भरलेला टायर पाच-सहा लॅपनंतर ७५ अंशांवर गेला की ३४च्या वर दाखवतो. शाळेतलं वायूचं गणित, त्यात गूढ काही नाही. नवखा माणूस पिटमध्ये येतो, गेज लावतो, ३४ बघून घाबरतो आणि हवा सोडून २८ करतो. त्या सत्रात गाडी गोड लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरमध्ये २२-२३ उरलेले असतात, गाडी वॉर्मअपच्या पहिल्याच लॅपला गाद्यांवरून चालल्यासारखी डोलते, आणि तो तिसऱ्या कॉर्नरला जमिनीवर असतो. दोष टायरला देतो. जाणता माणूस वहीत चार आकडे लिहितो: हवेचं तापमान, डांबराचं तापमान, थंड दाब, गरम दाब. अशी वही भरायला ट्रॅक लागतो, आणि एका ट्रॅकची वही दुसऱ्या ट्रॅकला अर्धीच उपयोगी पडते.

ही झाली रायडरची विद्या. मेकॅनिकची वेगळी. रस्त्यावरची गाडी शर्यतीला तयार करताना हेडलाइट, आरसे, इंडिकेटर, स्टँड काढणं हे कोणीही करतं. खरी परीक्षा स्क्रुटिनीच्या, म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीच्या, टेबलावर होते. ऑइलचा ड्रेन बोल्ट, ऑइल फिल्टर, फिलर कॅप आणि ब्रेक कॅलिपरचे बोल्ट यांना सेफ्टी वायर हवी. बोल्टच्या डोक्याला दीड मिलिमीटरचं आरपार भोक, त्यातून पाऊण मिलिमीटरची स्टेनलेस तार, पीळ घालून दुसऱ्या ठिकाणी अडकवलेली. तार ओढली गेली की बोल्ट आवळला जाईल, अशीच ती बांधायची. उलट बांधली तर दिसायला सुरेख आणि कामाला शून्य. आपल्याकडच्या निम्म्या नवशिक्या गाड्यांवर ती उलटच दिसते. हे भोक पाडताना तीन-चार ड्रिल बिट तुटतात, कारण बोल्ट कडक पोलादाचे असतात आणि मेकॅनिक घाईत तेल न घालता ड्रिल रेटतो. इंजिनच्या ब्रीदर नळीला बाहेर येणारं तेल झेलणारा कॅच टँक हवा. खालचं फेअरिंग असं हवं की इंजिन फुटलं तर तेल त्यात साठावं, ट्रॅकवर सांडू नये. रेडिएटरमध्ये दुकानातलं हिरवं कूलंट चालत नाही, नुसतं पाणी. कारण कूलंटमधलं ग्लायकोल डांबरावर पडलं की साबणासारखं पसरतं आणि वाळत नाही. ब्रेक लिव्हरला टोकाशी गोळा हवा, चेन आणि स्प्रॉकेटच्या सांध्यापाशी बोट आत जाऊ नये म्हणून पत्रा हवा.

एका सैल ड्रेन बोल्टचा हिशेब असा असतो. तेल मागच्या टायरवर येतं, त्याचा रायडर पडतो. मागून येणारे तिघे त्याच तेलावर पडतात. लाल झेंडा, शर्यत थांबली. सांडलेल्या तेलावर सिमेंटची भुकटी टाकून झाडत बसायचं, पंधरा-वीस मिनिटं जातात, पुढच्या गटाची शर्यत दोन लॅपने कापली जाते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला मेकॅनिक आयुष्यभर तार नीट बांधतो. न पाहिलेल्याला कितीही समजावा, तो 'कशाला एवढं' म्हणतो. चेन्नई-कोइम्बतूरच्या मेकॅनिकांच्या दोन पिढ्यांनी हे पाहिलं आहे. पुण्यातला उत्तम मेकॅनिक, जो आरसी ३९०चं इंजिन डोळे मिटून खोलेल, त्याला ते दिसलेलंच नाही.

तिसरा वर्ग मार्शलांचा, म्हणजे ट्रॅकच्या कडेला झेंडे घेऊन उभ्या असणाऱ्या माणसांचा. त्यांच्याबद्दल बोलायला कोणाला वेळ नसतो. बारा वळणांच्या ट्रॅकला प्रत्येक पोस्टवर किमान तीन माणसं धरली तरी छत्तीस, वर पिटलेन आणि रिकव्हरीची वेगळी. पिवळा झेंडा पुढे धोका आहे सांगतो, लाल-पिवळ्या पट्ट्यांचा घसरण सांगतो, काळ्यावर नारिंगी ठिपका म्हणजे तुझ्या गाडीत बिघाड आहे, ताबडतोब बाहेर हो. पडलेल्या रायडरकडे धावताना येणाऱ्या गाड्यांकडे पाठ करायची नाही, आधी माणूस की आधी गाडी हे अर्ध्या सेकंदात ठरवायचं, शुद्ध हरपलेल्याचं हेल्मेट डॉक्टर येईपर्यंत काढायचं नाही. हे व्याख्यानाने येत नाही. उन्हात आठ तास उभं राहून, चार हंगाम राहून येतं. नाशिकला रॅली भरवणाऱ्या मंडळींकडे अशी माणसं आहेत. महाराष्ट्रात हौसेला तोटा नाही, हौस जिथे रुजेल ती जागा नाही.

हे सगळं मांडलं की सरकारी कानांना एकच शब्द ऐकू येतो: भव्य. मग पाचशे कोटी, एक हजार कोटी, आंतरराष्ट्रीय दर्जा, प्रेक्षागृह. या वाटेने गेलेल्यांचं काय झालं ते समोर आहे. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा, आठशेहून अधिक एकरांवरचा. फॉर्म्युला वन तिथे २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षं झाली आणि कराच्या वादात गाशा गुंडाळला. खेळ की करमणूक, यावरच घोडं अडलं. मग २०२३च्या सप्टेंबरमध्ये मोटोजीपी, म्हणजे मोटारसायकलची जागतिक स्पर्धा, आली. व्हिसाच्या घोळात रायडर अडकले, उकाड्यामुळे मुख्य शर्यत तीन लॅपनी कापून २१ची केली, मार्को बेत्सेकी जिंकला, गर्दी झाली, फोटो निघाले. २०२४ची शर्यत रद्द झाली. एवढ्या खटाटोपात ग्रेटर नोएडाच्या आसपास राष्ट्रीय पातळीवरच्या रायडरांची फळी उभी राहिली का? एवढ्या मोठ्या ट्रॅकचं एका दिवसाचं भाडं परवडणारी कंपनी मंगळवार विकत घेते, पोरगं नाही.

दुसरी फॅशन रस्त्यावरच्या सर्किटची. हैदराबादला २०२३मध्ये विजेवरच्या कारची फॉर्म्युला ई झाली, चेन्नईत २०२४च्या ऑगस्टअखेर रात्रीची कार शर्यत झाली. मुंबईतही समुद्राकाठी असं काही करू, ही हूल अधूनमधून उठते. कारवाल्यांनी खुशाल करावं. मोटारसायकलला त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण तिथे ट्रॅकच्या दोन्ही अंगांना काँक्रीटची भिंत असते. कार भिंतीला घासत थांबते. रायडर गाडीपासून सुटतो आणि अंगावरच्या कातड्याच्या भरवशावर घसरत जातो. त्याला थांबायला मोकळी जागा लागते, आधी डांबर, मग खडीचा पट्टा, मग हवेच्या गाद्या. मोटारसायकलचा ट्रॅक ओळखायचा असेल तर डांबराची रुंदी बघू नये, डांबराच्या बाहेर काय आहे ते बघावं.

म्हणून मागणी साधी आहे. दोन किलोमीटर. रुंदी दहा-अकरा मीटर. पाचशे-सहाशे मीटरचा एक स्ट्रेट, दहाएक वळणं, त्यात डावी-उजवी सारखी, म्हणजे टायरची एकच बाजू झिजणार नाही. वेगवान वळणांच्या बाहेर भरपूर रनऑफ, म्हणजे पडलेल्याला थांबायची मोकळी जागा. प्रेक्षागृह नको, मातीचा बांध पुरे. त्यावर बसून शर्यत चांगली दिसते आणि आवाजही अडतो. पत्र्याची शेड, पाणी, वीज, वजनकाटा, दोन रुग्णवाहिकांची जागा आणि महामार्गावरच्या मोठ्या इस्पितळापर्यंत अर्ध्या तासाचा रस्ता. याला काही आठशे एकर लागत नाहीत. एमआयडीसीच्या ताब्यात पडून असलेल्या जमिनींत असा तुकडा निघू शकतो. आठवड्याचे चार दिवस कंपन्यांना चाचणीसाठी, ड्रायव्हिंग स्कूलना, पोलिसांच्या प्रशिक्षणाला भाड्याने द्या. एक दिवस रायडरांना माफक दरात राखून ठेवा. तो दिवस मंगळवार असावा असा आग्रह नाही.

पुण्याच्या आसपास आता खासगी ट्रॅकची भाषा सुरू झाली आहे, ट्रॅक-डे भरतात, हे चांगलंच. पण ट्रॅक-डे आणि राष्ट्रीय राउंड यांत फरक आहे. ट्रॅक-डेला वीस लाखांची गाडी घेऊन आलेला माणूस गिऱ्हाईक असतो आणि त्याचं मन राखायचं असतं. १६५ सीसीच्या स्टॉक गटात नव्याने उतरणारं पोर तिथे परवडत नाही, आणि चेकर्ड झेंड्याखाली वेळ मोजली जात नाही.

एक गोष्ट मात्र महाराष्ट्राच्या फायद्याची आहे, तिच्याकडे कुणी बघत नाही: हवामान. राष्ट्रीय हंगाम साधारण जून ते ऑक्टोबर चालतो, कारण तमिळनाडूच्या किनाऱ्यावर खरा पाऊस ऑक्टोबरनंतर येतो. तो तिकडे पडत असताना आपल्याकडे कोरडं, थंड, स्वच्छ आकाश असतं. चेन्नईचा ट्रॅक डिसेंबरच्या सरींत भिजत असताना देशावर दुपारी २८ अंश आणि कोरडं डांबर. दोन राउंड नोव्हेंबर ते फेब्रुवारीत इकडे घेतले तर हंगाम नऊ महिन्यांपर्यंत लांबतो, कुणाच्या वेळापत्रकाला धक्का लागत नाही, आणि चेन्नईच्या पोरांनाही अनोळखी ट्रॅकवर पळण्याची सवय लागते. तीही त्यांना हवीच आहे. घरच्या डांबरावर राजा असलेला रायडर आशियाई स्पर्धेत मलेशियातल्या सेपांगला किंवा थायलंडमधल्या बुरीरामला उतरतो तेव्हा पहिला दिवस वळणं पाठ करण्यात जातो.

वन-मेक कपबद्दल दोन शब्द. कंपनीच गाडी देते, मेकॅनिक देते, टायर देते, पोराने फक्त लेदर सूट आणि हेल्मेट घेऊन यायचं. टीव्हीएस, होंडा, रॉयल एनफील्ड यांच्या अशा स्पर्धांनी दार उघडलं हे मान्य. पण त्यात गाडीला हात लावायची मुभा नसते. असा रायडर तीन हंगाम पळतो आणि त्याला फोर्कमध्ये (पुढच्या चाकाच्या शॉकअपमध्ये) तेल किती घालायचं, मागच्या स्प्रिंगचा सॅग (वजनाने ती किती दबते ते) किती ठेवायचा, हे ठाऊक नसतं. गाडी हलते एवढंच तो सांगू शकतो. का हलते ते नाही. प्रो-स्टॉक गट, जिथे स्वतःची गाडी स्वतःच्या मेकॅनिककडून तयार करून आणायची असते, ती या खेळाची शाळा. आणि तो गट टिकायला गावोगावच्या गॅरेजांना परवडेल असा जवळचा ट्रॅक लागतो.

आता आक्षेप. पहिला हमखास: ट्रॅक झाला की पोरं रस्त्यावरही तशीच पळवतील. रस्त्यावर आजच पळवतात. रविवारी सकाळी लोणावळ्याच्या वाटेवर किंवा मध्यरात्री वांद्र्याला उभं राहून बघावं. मोटार वाहन कायद्याच्या १८९ कलमात सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. पोलीस नाकाबंदी करतात, सायलेन्सर जप्त करून त्यांवर रोलर फिरवतात, आठवड्याने सगळं पूर्ववत. ट्रॅक झाल्याने हे सगळे साधू बनतील असं नाही. पण ज्या पोराने एकदा ट्रॅकवर आपल्याच गाडीने आपल्यापेक्षा सहा सेकंदांनी वेगवान पळणारा सोळा वर्षांचा मुलगा पाहिला, त्याची रस्त्यावरची मिजास बरीच उतरते. घाटात त्याला मोजणारं कोणी नसतं, म्हणूनच तो तिथे राजा असतो.

दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि तो उडवून लावता येणार नाही. २०२३च्या ऑगस्टमध्ये चेन्नईत राष्ट्रीय स्पर्धेच्या रुकी (नवख्यांच्या) गटाच्या शर्यतीत बंगळुरूचा १३ वर्षांचा मुलगा पडला आणि डोक्याच्या दुखापतीने गेला. त्या शनिवार-रविवारच्या उरलेल्या शर्यती रद्द झाल्या. त्याआधी २०२१मध्ये युरोपात एका हंगामात तीन कोवळे रायडर गेले होते, तेव्हा आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाने वयाच्या अटी वाढवल्या; मोटोजीपीच्या तिन्ही गटांत उतरायला २०२३पासून किमान वय १८ केलं. आपण काय केलं पाहिजे? तेरा वर्षांचं मूल चाळीस-पंचेचाळीस किलोचं असतं, आणि १६५ सीसीची गाडी १४० किलोच्या आसपास. तिच्यावर ते बसतं, चालवतंही सुंदर. पण पडल्यावर त्याच्यामागून तेवढ्याच वजनाच्या वीस गाड्या येत असतात. पहिल्या लॅपच्या पहिल्या वळणांवर सगळे एकत्र असतात आणि मागच्याला टाळायला जागा नसते. मुलांच्या शर्यतीत गाड्यांची संख्या कमी हवी, गाडी हलकी हवी, वेग कमी हवा.

त्यासाठी मोठा ट्रॅकसुद्धा लागत नाही. इटली-स्पेनमध्ये मुलं कार्टिंगच्या ट्रॅकवर छोट्या चाकांच्या मिनी बाईकवर शिकतात; महासंघाची मिनीजीपी मालिका तशीच चालते, आणि भारतातही ती २०२२मध्ये सुरू झाली. कोल्हापूरला मोहित्यांचा कार्टिंग ट्रॅक आहे, राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या तिथे झाल्या आहेत. दहा ते चौदा वयाच्या मुलांनी तिथे पळावं, पंधरा-सोळाव्या वर्षी दोन किलोमीटरच्या ट्रॅकवर १६५ सीसी घ्यावी, अठराव्या वर्षी चेन्नईच्या लांब स्ट्रेटवर ४०० सीसी. मधली पायरी आपल्याकडे नाही, म्हणून पालक मुलाला थेट पहिल्या पायरीवरून तिसरीवर ढकलतात. ट्रॅक हवा म्हणणाऱ्यांनी वयाची अट ढिली करा म्हणू नये. तिथे कडक राहावं.

आवाजाचा आक्षेप राहिला. एका सिलिंडरची १६५ सीसीची गाडी सायलेन्सरसकट किती बोंबलणार? सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, रविवारी दुपारनंतर बंद, आणि गेटवर आवाजाचं मीटर. मर्यादेबाहेरची गाडी परत. एवढ्यावर गावकऱ्यांशी बोलता येतं. बालेवाडीला २०२४च्या जानेवारीत सुपरक्रॉस लीगची फेरी भर शहराच्या कडेला स्टेडियममध्ये झालीच होती.

जमिनीबद्दल मात्र एक काळजी घ्यायला हवी. काळ्या मातीवर ट्रॅक बांधू नये. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं डांबर कितीही चांगलं असो, दोन वर्षांत ब्रेकिंगच्याच जागी लाटा उठतात. रस्त्यावर त्या खड्ड्यांत खपून जातात. ट्रॅकवर पूर्ण ब्रेक दाबलेल्या रायडरचा पुढचा टायर अशा लाटेवर क्षणभर हवेत जातो आणि खाली येतो तेव्हा लॉक झालेला असतो. काळी माती असेल तर ती मीटरभर तरी उपसून मुरूम भरावा लागतो, थर देऊन रोलरने दाबावा लागतो, आणि खर्च तिथेच दुप्पट होतो. त्यापेक्षा शिरवळच्या पुढे, सुप्याकडे, सिन्नरच्या बाजूला मुरमाड माळ पडलेले आहेत, जिथे हातभर खाली कातळ लागतो आणि कुसळांपलीकडे काही उगवत नाही. शेतकऱ्याच्या लेखी ती टाकाऊ जमीन, ट्रॅकवाल्याच्या लेखी अर्धा पाया तयार. पाणी एका बाजूला वाहून जाईल असा शंभराला दीड-दोनचा उतार मिळाला तर निचऱ्याचंही भागतं. जून उजाडायच्या आत भराव आणि दाबणी उरकली तर एक पावसाळा त्यावरून जाऊ द्यायचा, कुठे बसतंय ते बघायचं, दिवाळीनंतर डांबर घालायचं आणि डांबर मुरल्यावर पहिली गाडी उतरवायची, रेनटायर न आणता.